परतीचा शूल

बाझलच्या इस्पितळात त्या मुलीला शुद्ध आली तेव्हा आजूबाजूला सगळ्या अनोळखी, कण्हणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. उंचावरून पडून ती कित्येक दिवस बेशुद्ध होती. शेतकऱ्याची पोर, खेड्यातून शहरात आणलेली. उपचार चालू होते, पण पोरगी दिवसेंदिवस खंगत चालली. जेवण पुढे केलं की नको, औषध पुढे केलं की नको. काहीही विचारलं तरी तिच्या बोलीतलं तीन शब्दांचं एकच उत्तर: मला घरी जायचंय. शेवटी आईबाप आले आणि तिला तशाच अशक्त अवस्थेत घेऊन गेले. घरी पोचल्यावर थोड्याच दिवसांत, कुठलंही औषध न घेता, ती बरी झाली.

सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या या मुलीचं दुखणं आज आपल्याला ठाऊक आहे ते योहानेस होफर या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यामुळे. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात त्यानं वैद्यकाचा प्रबंध सादर केला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तो लॅटिनमध्ये होता आणि विषय होता एक असं दुखणं, ज्याला लोकांच्या बोलीत नाव होतं पण वैद्यकाच्या पुस्तकात नव्हतं. स्विस लोक त्याला हाइमवे म्हणत. हाइम म्हणजे घर आणि वे म्हणजे दुखणं. होफरला प्रश्न पडला की ज्या आजारानं माणसं मरतात, तो आपल्या शास्त्राच्या यादीत का नाही? यादीत घालायचा तर त्याला शास्त्राच्या भाषेतलं नाव हवं. म्हणून त्यानं ग्रीकमधले दोन शब्द घेतले. नोस्तोस म्हणजे घरी परतणं आणि आल्गोस म्हणजे वेदना. दोन्ही जोडून झाला 'नॉस्टॅल्जिया'.

हा शब्द प्राचीन ग्रीकांकडून आला असं अनेकांना वाटतं. तो प्राचीन नाही. होमरच्या 'ओडिसी'च्या पहिल्या पाच ओळींतच आल्गोस आणि नोस्तोस हे दोन्ही शब्द येतात, पण वेगवेगळे. ट्रॉयचं युद्ध संपवून घराकडे निघालेला ओडिसियस सात वर्षं कॅलिप्सोच्या बेटावर अडकतो, रोज समुद्राकाठी बसून रडतो, तरी त्याच्या रडण्याला होमर हे नाव देत नाही. जोडशब्द झाला तो ऱ्हाईन नदीच्या काठी, एका पोरसवदा वैद्याच्या हातून. त्यानं दोन पर्यायही सुचवले होते, नोसोमेनिया आणि फिलोपॅट्रिडोमेनिया. पुढे १७१० मध्ये बाझलच्याच थिओडोर त्सविंगरनं हा प्रबंध पुन्हा छापताना पोथोपॅट्रिडाल्जिया असं आणखी एक नाव देऊन पाहिलं. ती सगळी नावं विरून गेली.

आल्गोस आपल्या घरातही आहे. डोकेदुखीवर आपण जी गोळी घेतो, तिच्या वेष्टनावर अ‍ॅनाल्जेसिक असं लिहिलेलं असतं, म्हणजे वेदना नसणं. न्यूराल्जिया म्हणजे मज्जातंतूचा शूल, मायाल्जिया म्हणजे स्नायूंचा. आपल्या आयुर्वेदात शिरःशूल, उदरशूल म्हणतात, तसाच नॉस्टॅल्जिया हा शब्द होफरनं घडवला. मराठीत तेव्हाच कुणी तो आणला असता तर 'परतशूल' झाला असता. पोटात शूल उठतो तशी घराच्या आठवणीनं उठणारी कळ. होफरला हे अलंकारिक अर्थानं म्हणायचं नव्हतं. तो लक्षणं मोजतो: झोप उडणं, भूक आणि तहान मंदावणं, छातीत धडधड, सारखे उसासे, अंगात मुरलेला बारीक ताप. कारण देताना तो सांगतो की मेंदूतले प्राणतत्त्वाचे प्रवाह ज्या तंतूंमधून वाहतात, तिथे मायभूमीच्या प्रतिमा उमटलेल्या असतात. प्रवाह पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं वाहू लागले की बाकीच्या वाटा बंद पडतात. हे शरीरशास्त्र आज चुकीचं ठरलं आहे. पण ज्यानं परगावी पहिली रात्र जागून काढली आहे, त्याला त्या वाटेचं वर्णन परकं वाटणार नाही. सकाळची दाट पेज आणि आपल्या मुलखातलं दूध स्विस लोकांना परमुलखात विसरता येत नाही, हेही तो नोंदवतो. आईच्या हाताची पेज रोगाच्या कारणांमध्ये लिहिणाऱ्या या वैद्याबद्दल मला फार आपुलकी वाटते.

त्याचा दुसरा रोगी होता बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक विद्यार्थी. हा मुलगा बरेच दिवस खिन्न होता, मग तापानं अंथरुणाला खिळला आणि इतका खालावला की त्याच्यासाठी प्रार्थना सुरू झाल्या. डॉक्टरनं सांगितलेला एनिमा द्यायला जो माणूस आला, त्यानं रोग्याकडे बघून सांगितलं की हे हाइमवे आहे, याला घरी पाठवा, दुसरा इलाज नाही. परतीची तयारी सुरू झाली आणि मुलाचा श्वास मोकळा झाला. बाझल सोडून थोडं अंतर गेल्यावरच त्याला उतार पडू लागला आणि बर्नला पोचण्याआधी तो बरा झाला होता. होफरनं पोट साफ करण्याची आणि झोपेची औषधं लिहून ठेवली आहेत, पण त्याच्या प्रबंधाचा खरा निष्कर्ष त्या एनिमावाल्याचाच आहे. रोग्यात थोडी जरी शक्ती असली तरी त्याला गाडीत घाला आणि घराकडे न्या.

नॉस्टॅल्जियाचा शोध स्विस सैनिकांमध्ये लागला असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. होफरच्या तपशिलात ठसठशीतपणे दिसतात ती ही मुलगी आणि हा विद्यार्थी. सैनिकांचं नाव जोडलं गेलं याला मात्र कारण होतं. स्वित्झर्लंडचा डोंगराळ मुलूख गरीब होता. शेत थोडं आणि तोंडं जास्त, त्यामुळे तरुण मुलं शेकड्यांनी परमुलखातल्या राजांच्या फौजेत भाडोत्री सैनिक म्हणून जात. फ्रान्सचा राजा, स्पेनचा राजा, नेपल्स, हॉलंड, पोप, सगळ्यांच्या पदरी स्विस पलटणी होत्या. व्हॅटिकनचे पहारेकरी आजही स्विसच आहेत. ही पोरं सपाट, दमट प्रदेशातल्या छावण्यांमध्ये आजारी पडू लागली, पळून जाऊ लागली, आणि युरोपभर या दुखण्याला 'स्विस रोग' असं नाव पडलं.

ते झुरिकच्या योहान याकोब शॉइखझरला सहन झालं नाही. हा मोठा निसर्गशास्त्रज्ञ, आल्प्स पायी फिरलेला. आपली माणसं दुबळ्या मनाची आहेत हा आरोप त्याला खोडायचा होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं मांडलं की आमची माणसं उंचावरच्या विरळ हवेत वाढलेली. खाली उतरली की जड हवा त्यांच्या अंगावर दाब देते आणि रक्त नीट वाहत नाही. घरी पाठवता येत नसेल तर रोग्याला निदान टेकडीवर किंवा उंच मनोऱ्यात ठेवा, असा त्याचा सल्ला होता. आपल्या लोकांची लाज राखण्यासाठी एका शास्त्रज्ञानं सगळा दोष हवेवर टाकला.

याच काळात एका सुरानं या रोगाच्या कथेत प्रवेश केला. आल्प्सचे गुराखी दूध काढायच्या वेळी गाईंना हाक मारताना जी धून गात, तिला जर्मनमध्ये कूहराइअन आणि फ्रेंचमध्ये रांझ दे व्हाश म्हणतात. त्सविंगरनं १७१० मध्येच लिहिलं की ही धून कानावर पडली की स्विस सैनिक व्याकूळ होतात, म्हणून पलटणीत तिला बंदी आहे. पुढे रूसोनं आपल्या संगीतकोशात हीच हकिगत दिली आणि बंदी मोडणाऱ्याला मृत्युदंड असे, असं सांगितलं. शिक्षा इतकी कठोर खरोखर होती का, यावर मी पैज लावणार नाही. पण रूसोनं तिथे केलेलं निरीक्षण मोलाचं आहे. त्या सुरावटीत स्वतःची अशी काही जादू नाही, परक्या माणसावर तिचा काहीच परिणाम होत नाही. ती ऐकणाऱ्याला त्याचं सगळं बालपण आठवून देते, एवढंच तिचं बळ. जात्याची घरघर किंवा पहाटेची काकड आरती परदेशात कानावर आल्यावर मराठी माणसाचं जे होतं, तेच हे.

इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकात हळूहळू शिरत होता. त्याचा सगळ्यात जिवंत वापर सापडतो तो एका जहाजावर.

३ सप्टेंबर १७७०. कॅप्टन जेम्स कुकचं 'एंडेव्हर' न्यू गिनीच्या किनाऱ्याजवळ आहे. इंग्लंड सोडून दोन वर्षं उलटली आहेत. जून महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या खडकात जहाज रुतलं होतं. तोफा समुद्रात टाकून ते हलकं केलं, कसंबसं सोडवलं, आणि दुरुस्तीत कित्येक आठवडे गेले. शिधा संपत आलेला. न्यू गिनीच्या किनाऱ्यावर थोडा वेळ उतरून, तिथल्या लोकांशी झटापट होताच ते परत फिरले, आणि कुकनं जहाज पश्चिमेला वळवलं, म्हणजे बटाव्हियाकडे (आजचं जाकार्ता) आणि तिथून घराकडे. जहाजावर सत्तावीस वर्षांचा वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स होता. त्यानं त्या दिवशी रोजनिशीत जे टिपलं ते असं: दिशा बदलली आणि आजारी माणसं बरी दिसू लागली, उदास चेहऱ्यांवर हसू आलं. बहुतेक खलाशी घराच्या ओढीनं पुरते पछाडले आहेत, आणि डॉक्टरमंडळी तर या ओढीला नॉस्टॅल्जिया नावाचा आजारच मानतात. या आजारापासून सुटलेले जहाजावर जवळजवळ तिघंच दिसतात, कॅप्टन, डॉक्टर सोलँडर आणि मी. कारण आमच्या तिघांच्या डोक्याला सतत काम आहे, आणि तोच याच्यावरचा उत्तम, कदाचित एकमेव उपाय.

हा डॅनियल सोलँडर स्वीडनचा, लिनियसचा शिष्य. लिनियसनं वनस्पतींप्रमाणे रोगांचंही वर्गीकरण केलं होतं आणि त्यात नॉस्टॅल्जियाला जागा दिली होती. बँक्सला हा शब्द सोलँडरच्या तोंडून मिळाला असावा असा माझा अंदाज आहे. शब्द कुठूनही येवो, ती नोंद वाचताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं ते खलाशांकडे. कुक, सोलँडर आणि बँक्स यांच्यासाठी हा प्रवास त्यांचाच होता. नवं झाड, नवा किनारा, नवा नकाशा त्यांच्या नावावर लागणार होता. डोलकाठीवर चढणाऱ्या माणसाच्या नावावर काय लागणार होतं? त्या खलाशांपैकी कित्येक घरी पोचलेच नाहीत. बटाव्हियात आणि तिथून पुढे हिंदी महासागरात ताप आणि हगवणीनं तीसच्या आसपास माणसं दगावली.

अकरा वर्षांनंतरची, १७८१ ची गोष्ट. इंग्लंडच्या उत्तरेला टाइनमथच्या बराकीत रॉबर्ट हॅमिल्टन हा लष्करी डॉक्टर होता. पलटणीत नव्यानं भरती झालेला एक वेल्श तरुण अशक्तपणाची तक्रार घेऊन दवाखान्यात आला. ठरावीक असं लक्षण दिसेना, कुठलंही औषध लागू पडेना. आठवडे गेले, अंगावरचं मांस झडलं, बारीक ताप चालू राहिला, पोरगा क्षयाच्या शेवटच्या अवस्थेत असल्यासारखा दिसू लागला. हॅमिल्टननं आशा सोडली होती. एका सकाळी फेरीवर असताना तिथल्या परिचारिकेनं त्याला सांगितलं की हा पोरगा माझ्याजवळ सारखा घराच्या गोष्टी काढतो. डॉक्टरनं मग पलंगाजवळ जाऊन वेल्सचा विषय काढला. बोलायचं त्राण नसलेला तो तरुण उठून बसायला बघू लागला आणि विचारू लागला, मला जाऊ देतील का? हॅमिल्टननं शब्द दिला: तू प्रवास करण्याइतका बरा झालास की सहा आठवड्यांची रजा. त्या दिवसापासून त्याला भूक लागू लागली.

रजा द्यायचा अधिकार हॅमिल्टनला नव्हता. शब्द आधी दिला होता आणि परवानगी नंतर मागायची होती. पोरगा हिंडूफिरू लागला तेव्हा डॉक्टर वरिष्ठांकडे गेला, सगळी हकिगत सांगितली आणि रजा मिळवली. पुढे त्यानं हा रोगी वैद्यकीय नियतकालिकात नोंदवून ठेवला, आणि त्यात परिचारिकेचं श्रेय दडवलं नाही. वेल्श भाषेत घराच्या या ओढीला 'हिराइथ' असा जुना शब्द आहे. त्या पोराला आपलं दुखणं ठाऊक होतं, त्याच्या बराकीला ते ठाऊक नव्हतं. बाझलमध्ये एनिमा द्यायला आलेला माणूस, टाइनमथमध्ये परिचारिका. रोग ओळखला तो दोन्ही वेळा अंथरुणाजवळ बसणाऱ्यानं.

एका शब्दाच्या हाती किती ताकद आली होती हे फ्रान्समध्ये दिसतं. १७९३ चा नोव्हेंबर, क्रांतीचं सरकार चहूबाजूंनी युद्धात. युद्धखात्यानं आजारी सैनिकांना घरी पाठवणं बंद केलं. सवलत ठेवली ती फक्त नॉस्टॅल्जियासाठी. ज्या देशाला एकेक बंदूकधारी हवा होता, त्यानंही मान्य केलं की हा माणूस इथे ठेवला तर मरेल. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेच्या डॉक्टरांनी या रोगाचे पाच हजारांहून जास्त रुग्ण नोंदवले आणि मृत्यू नोंदवले ७४. 'होम स्वीट होम'ची धून वाजवायला तिथल्या वाद्यवृंदांना मनाई झाली. पण तोवर सूर बदलू लागला होता. थिओडोर कॅल्हून या लष्करी डॉक्टरनं १८६४ मध्ये या रोगावर निबंध वाचला, आणि रजेबरोबरच चिडवणं, मर्दपणाला डिवचणं हाही उपाय म्हणून सांगितला. हाच रोग गुलामांनाही होत होता. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं अन्न टाकून, गप्प बसून मरत. त्याला तिथे 'बँझो' म्हणत. त्यांच्यासाठी रजेचा अर्ज कुणी कुणाकडे करणार होतं?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा रोग पुस्तकांतून पुसट होत गेला. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचे जंतू दाखवले; घराच्या ओढीनं खंगले म्हणून नोंदलेल्यांपैकी पुष्कळांच्या छातीत काय होतं हे कळू लागलं. आगगाडी आली, टपाल आलं, घर जवळ आलं. तरीही १९०९ मध्ये कार्ल यास्पर्सनं, पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेल्या या माणसानं, हायडेलबर्गला डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला तो 'हाइमवे आणि गुन्हा' याच विषयावर. त्यातल्या गुन्हेगार बहुतांशी किशोरवयीन मुली आहेत. गरिबाघरच्या, परगावी मुलं सांभाळायला ठेवलेल्या. घर जळालं तर मला परत पाठवतील, बाळच राहिलं नाही तर माझं काम संपेल, एवढा एकच विचार डोक्यात घेऊन त्यांनी आगी लावल्या, हातातली बाळं मारली. बाझलच्या त्या मुलीला न्यायला आईबाप आले होते. यांना न्यायला कुणी आलं नाही.

विसाव्या शतकात शब्द जगला, पण त्याचा पत्ता बदलला. तो स्थळाकडून काळाकडे गेला. याची चाहूल इमान्युएल कांटला १७९८ मध्येच लागली होती. घरी परतलेला स्विस माणूस निराश होतो, कारण त्याला खरं तर गाव नको असतं, तिथं गेलेलं तारुण्य हवं असतं, असं त्यानं लिहिलं. आज इंग्रजीत आणि मराठीतही 'नॉस्टॅल्जिक झालो' म्हणतात ते जुनं नाणं, दूरदर्शनचं बोधचिन्ह, बंद पडलेलं चित्रपटगृह बघून. मराठीनं या शब्दासाठी 'स्मरणरंजन' हा शब्द घडवला. शब्द देखणा आहे, चपखलही, कारण इंग्रजीतच अर्थ मऊ झाल्यावर तो घडला. पण त्यात रंजन आलं आणि शूल गेला, ही हळहळ मला वाटते.

शूल आपल्याकडे नव्हता असं नाही. तो 'माहेर' या शब्दात होता. आणि त्यावरचा उपायही आपल्या समाजानं लावून दिला होता: मुराळी. सासरी गेलेल्या लेकीला न्यायला माहेरहून येणारा माणूस, बहुतेक करून भाऊ. माझी आजी सांगायची, श्रावण लागला की हात जात्यावर असायचे आणि कान रस्त्याकडे. बैलगाडीची चाकं वाजली की ती आपल्या दाराशी थांबतात की पुढे जातात हे कळेपर्यंत घास उतरायचा नाही. मुराळी आला की सासूला नाही म्हणता यायचं नाही. हॅमिल्टननं त्या वेल्श पोरासाठी जे केलं, ते मुराळ्याचंच काम होतं.

नॉस्टॅल्जिया या शब्दाची मुळी आणखी खोल जाते. नोस्तोस ज्या मूळ धातूतून आला, त्याचा अर्थ सुखरूप परतणं असा भाषाशास्त्रज्ञ लावतात. त्याच धातूतून जर्मनमधलं गेनेझन हे क्रियापद आलं, आणि त्याचा अर्थ आहे आजारातून बरं होणं. म्हणजे होफरच्या मातृभाषेत घरी पोचणं आणि बरं होणं यांचं मूळ एकच होतं. वेदांत अश्विनीकुमारांना नासत्य म्हटलं आहे. ते नावही याच धातूशी जोडावं असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. अश्विनीकुमार देवांचे वैद्य. ऋग्वेदात त्यांच्या पराक्रमांमध्ये भुज्यूची गोष्ट येते. तुग्रानं आपल्या या मुलाला भर समुद्रात सोडून दिलं. धरायला आधार नाही, पाय टेकायला जमीन नाही. तेव्हा हे दोन वैद्य शंभर वल्ह्यांची नाव घेऊन आले, त्याला नावेत घेतलं आणि घरी पोचवलं. या 'घर'साठी तिथे जो शब्द आहे तो 'अस्त', आणि तोही बहुधा त्याच धातूतला. सूर्याला आपण रोज संध्याकाळी अस्ताला गेला म्हणतो, ते मुळात तो घरी गेला असं म्हणणं आहे.